अल्बेरुनीच्या पद्धतीने पृथ्वीची त्रिज्या मोजायची असेल तर

एका डोंगराची उंची आणि माथ्यावरून दिसणारं क्षितिज आडव्या रेषेच्या किती खाली आहे तो कोन, या दोन मापांवर पृथ्वीची त्रिज्या काढता येते. अबू रैहान अल्बेरुनी या खगोलज्ञाने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला ती तशी काढली. त्याचा जन्म ९७३ सालचा, ख्वारिझममधल्या काथ गावचा; हा भाग आज उझबेकिस्तानात येतो. गझनीच्या महमूदाने १०१७ मध्ये ख्वारिझम घेतलं, तेव्हा त्याला गझनीला नेण्यात आलं, आणि महमूदाच्या स्वाऱ्यांमुळे पंजाबचा रस्ता त्याला खुला झाला. तिथे सॉल्ट रेंजमध्ये, आजच्या पाकिस्तानातल्या झेलम जिल्ह्यात नंदना किल्ला आहे. त्याच्या दक्षिणेला सपाट मैदान पसरलेलं आहे आणि शेजारी त्या मैदानातून एकदम उठलेला डोंगर. या कामाला असाच डोंगर लागतो.

कल्पना सर्वस्वी त्याची नव्हती. खलिफा अल्-मामूनच्या काळात (राज्यकाल ८१३ ते ८३३) सनद इब्न अली याने समुद्राकाठच्या डोंगरावरून असं माप घेतल्याचं अल्बेरुनी स्वतःच सांगतो. मामूनच्या इतर ज्योतिषांनी वाळवंटात उत्तर-दक्षिण चालत जाऊन, अक्षांश एक अंशाने बदलेपर्यंतचं अंतर मोजलं होतं. त्याला पथकं, दोरखंड, उंट आणि राजाचा खजिना लागतो. डोंगराच्या पद्धतीला दोन-तीन माणसं आणि एक दिवस पुरतो. ॲरिस्टॉटलच्या आकाशविषयक ग्रंथावर समकालीन तत्त्वज्ञ-वैद्य इब्न सीनाला लेखी प्रश्न पाठवायचे आणि उत्तर पटलं नाही तर पुन्हा खोदून विचारायचं, असा ज्याचा स्वभाव, त्याला ही पद्धत आवडली यात नवल नाही.

गणित दहावीचं आहे. मोजमाप मात्र तसं सोपं नाही. उंचीत ५ टक्के चूक झाली तर त्रिज्येत ५ टक्केच येते, पण कोनात ५ टक्के चुकलात तर त्रिज्या १० टक्के हलते. आणि कोन असतो जेमतेम १५ ते ३५ कलांचा (१ अंश म्हणजे ६० कला). म्हणून तयारीचा बहुतेक वेळ आडवी रेषा नीट मिळवण्यात घालवा.

जागा आणि दिवस

आपल्याकडे सह्याद्रीची कड पहिल्यांदा डोक्यात येते, पण ती निरुपयोगी. खाली कोकण सपाट नाही, टेकड्या क्षितिज अडवतात, आणि ६०० मीटर उंचीवरून क्षितिज ८५ किलोमीटरहून लांब जातं; तेवढं स्वच्छ दिसणारे दिवस फार थोडे. त्यापेक्षा थेट समुद्रात उतरणारा जांभ्याचा सडा किंवा समुद्राकडे तोंड करून असलेला डोंगरी किल्ला बघा. रत्नागिरी ते देवगड पट्ट्यात आणि दक्षिण गोव्यात काब द रामाच्या बाजूला अशा जागा आहेत. उंची ६० ते १५० मीटरच्या दरम्यान हवी. जास्त चढण्यात फारसा फायदा नाही: उंची चौपट केली तरी कोन दुप्पटच होतो, आणि क्षितिज दुप्पट लांब जाऊन धुरकट होतं. १०० मीटरवरून ते सुमारे ३६ किलोमीटरवर असतं.

सड्याच्या एका अंगाला पुळण हवी, कारण उंची तिथून मोजायची आहे.

पावसाळा संपल्यानंतरचे, हवा धुतलेली असतानाचे दिवस घ्या. हिवाळ्यातल्या सकाळी समुद्रावर धूसर पट्टा असतो आणि पाणी कुठे संपलं ते कळत नाही. क्षितिजाची रेषा चाकूने कापल्यासारखी दिसत नसेल तर त्या दिवशी सामान उघडूच नका. वेळ सकाळी १० ते दुपारी २. नंतर पश्चिमेचा सूर्य डोळ्यांवर येतो. तिथी अष्टमीच्या आसपासची निवडा. भांगाची भरती असल्याने पाण्याची पातळी कमी हलते. उधाणाला हीच पातळी काही तासांत दोन-तीन मीटर बदलते, आणि १०० मीटर उंचीत २ मीटरची गफलत म्हणजे त्रिज्येत सरळ २ टक्के.

उंची मोजणं

अल्बेरुनीने उंची पायथ्यावरून काढली. डोंगराच्या पोटात शिरून माथ्याच्या बरोबर खालचा बिंदू गाठता येत नाही, म्हणून एकाच रेषेतल्या दोन ठिकाणांहून माथ्याचा उन्नत कोन घ्यायचा आणि दोन ठिकाणांमधलं अंतर मोजायचं.

कोनासाठी १२ मिलिमीटर प्लायचा ६० × ६० सेंटिमीटर तुकडा घ्या. एका कोपऱ्याशी खिळा ठोका आणि त्याला केंद्र धरून ५७.३ सेंटिमीटर त्रिज्येचा पाव वर्तुळाचा कंस काढा. ही त्रिज्या मुद्दाम निवडली आहे: या कंसावर १ अंश म्हणजे बरोबर १ सेंटिमीटर येतो आणि पूर्ण कंस ९० सेंटिमीटरचा होतो. कंसाच्या रेषेवर कडा कापा, कडेवर कागदी मोजपट्टी चिकटवा. मिलिमीटर म्हणजे अंशाचा दहावा भाग. शिंप्याची टेप वापरू नका, ती ताणली जाते आणि ९० सेंटिमीटरमध्ये सहज अर्धा सेंटिमीटर खाते. केंद्राजवळच्या सरळ कडेवर ५० सेंटिमीटर अंतराने दोन बारीक टाचण्या उभ्या करा, त्यातून नेम धरायचा. स्ट्रॉ चिकटवण्याचा मोह होतो, पण २० सेंटिमीटरच्या स्ट्रॉमधून दीड अंशाचा पट्टा दिसतो, नेमकी दिशा कळत नाही. केंद्रातल्या खिळ्याला दोऱ्याने १५०–२०० ग्रॅमचा ओळंबा लटकवा. वाऱ्यावर तो झुलतो, म्हणून खाली पाण्याचा डबा धरून ओळंबा त्यात बुडू द्या.

पुळणीवर गेल्यावर पहिलं काम शून्य तपासण्याचं. टाचण्यांमधून समुद्राच्या क्षितिजावर नेम धरा. दीड मीटरच्या डोळ्याच्या उंचीवरून क्षितिज आडव्याच्या फक्त दोन कला खाली असतं, आपल्या फळीला ते कळणारच नाही. त्यामुळे दोरा शून्यावर पडायला हवा. ०.३ वर पडला तर पुढच्या प्रत्येक कोनातून ०.३ वजा करा.

माथ्यावर जिथून क्षितिज बघणार, नेमकं तिथेच डोळ्याच्या उंचीवर पांढरं फडकं बांधलेली काठी रोवा. पुळणीवर, फडक्याकडे जाणाऱ्या सरळ रेषेत, पण पाण्याच्या कडेपासून सारख्याच उंचीवर, दोन खुणा करा. लांबच्या खुणेवरून कोन १८ ते २२ अंश आणि जवळच्या खुणेवरून ३० च्या आसपास येईल अशा जागा निवडा. मधलं अंतर स्टीलच्या टेपने, टेप वाळूवर टेकवून मोजा. प्रत्येक खुणेवर किमान पाच वाचनं घ्या आणि सरासरी काढा.

उंची = अंतर ÷ (१/टॅन लांबचा कोन − १/टॅन जवळचा कोन)

समजा, कोन २० आणि ३० अंश आले आणि अंतर १०० मीटर. १/टॅन २० = २.७४७५, १/टॅन ३० = १.७३२१, फरक १.०१५४. उंची ९८.५ मीटर. ही तुमच्या डोळ्यापासूनची; डोळा त्या वेळच्या पाण्यापासून १.५ मीटर वर असेल तर एकूण १०० मीटर.

इथे दोन गोष्टी घात करतात. लांबचा कोन पाव अंशाने चुकला की उंचीत साडेतीन मीटरची चूक येते. म्हणून त्या खुणेवर वाचनं जास्त घ्या. आणि दोन खुणा एका पातळीत नसल्या तर अर्ध्या मीटरचा चढ ८५ सेंटिमीटरची चूक देतो. पुळण डोळ्याला सपाट वाटते, पण नसते. लेव्हल पाइपने (पातळी बघायची पाणी भरलेली पारदर्शक नळी) तपासा, तो पुढे क्षितिजाच्या कोनासाठी तुमच्याकडे असणारच आहे.

मोबाइलच्या जीपीएसवरून उंची घेऊ नका. उभ्या दिशेत तो सहज १० मीटर इकडेतिकडे सांगतो. शिवाय तो आकडा पृथ्वीचा आकार आधीच धरून काढलेला असतो. पृथ्वी मोजायला निघायचं आणि तिचं माप आधीच वापरायचं, हा वेगळाच विनोद.

क्षितिजाचा अवनत कोन

अभियांत्रिकी महाविद्यालयातून थिओडोलाइट (कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र) मिळत असेल तर प्रश्नच नाही: दोन्ही फेसवर (दुर्बीण उलटी फिरवून पुन्हा) उभा कोन घ्या, सरासरी काढा, यंत्राची स्वतःची चूक कटून जाते. मोबाइलमधली कोन मोजणारी ॲप्स मात्र ०.१ अंश, म्हणजे ६ कला, इतकंच दाखवतात. मोजायच्या आहेत १८ कला. तो नाद सोडा.

गवंड्याचा लेव्हल पाइप या कामाला उत्तम. लागणारं सामान असं:

– १० मिलिमीटर आतल्या व्यासाचा पारदर्शक पाइप, ८ ते ९ मीटर
– पाऊण लिटर पाणी आणि कपड्याच्या निळीचे दोन थेंब
– दोन भक्कम उभे खांब, दगडांनी पक्के केलेले, एकमेकांपासून ५ मीटरवर, क्षितिजाच्या दिशेत
– १.५ मिलिमीटर भोक पाडलेलं काळं कार्ड
– आलेख कागदाची पट्टी आणि सरकवता येईल असा काळा पुठ्ठा

पाइप वरून ओतून भरू नका, बुडबुडे अडकतात. बादलीतून वक्रनळीसारखा खेचून भरा, मग पूर्ण लांबी टिचक्या मारत तपासा. नंतर दोन्ही तोंडं शेजारी-शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का बघा. येत नसेल तर आत बुडबुडा आहे, पुन्हा भरा. ही तपासणी गवंडी कधी टाळत नाही, तुम्हीही टाळू नका. तोंडावरचा अंगठा काढायला विसरलं की पातळी चुकते, हे वेगळं सांगायला नको, तरी दर वेळी कोणीतरी विसरतंच.

दोन्ही तोंडं दोन खांबांना बांधा. पाणी स्थिरावू द्या, दोन-तीन मिनिटं लागतात. पाण्याच्या वाकलेल्या पृष्ठभागाचा तळ वाचायचा, दोन्हीकडे तोच. तुमच्या बाजूच्या खांबावर कार्डाच्या भोकाचा मध्य बरोबर पाण्याच्या रेषेवर आणा. समुद्राकडच्या खांबावर आलेख कागद असा चिकटवा की पाण्याची रेषा त्याच्या शून्यावर येईल. आता भोकातून शून्याकडे जाणारी रेषा खरी आडवी. समुद्राचं क्षितिज त्याच्या खाली दिसेल.

मिलिमीटरच्या रेघा ५ मीटरवरून वाचता येत नाहीत. म्हणून समुद्राकडच्या खांबाशी एक सोबती हवा. त्याने पुठ्ठा खालून हळूहळू वर सरकवायचा, तुम्ही भोकातून बघत ‘वर... वर... थोडं खाली... बस’ म्हणायचं. पुठ्ठ्याची वरची कडा क्षितिजाला टेकली की त्याने शून्यापासूनचं अंतर अर्ध्या मिलिमीटरपर्यंत वाचून वहीत लिहायचं, पण तुम्हाला सांगायचं नाही. आकडा ऐकला की पुढची वाचनं नकळत त्याच्याकडे ओढली जातात. अशी दहा वाचनं झाली की पाइपची तोंडं अदलाबदल करा, शून्य नव्याने लावा, आणखी दहा घ्या. दोन्ही गटांची सरासरी धरा.

भोक १.५ मिलिमीटरपेक्षा लहान केलं तर प्रकाश पसरून क्षितिज मऊ होतं, मोठं केलं तर पुठ्ठ्याची कडा पुसट होते.

सगळ्यात फसवी चूक उन्हाची. पाइपची एक बाजू उन्हात आणि दुसरी सावलीत राहिली, आणि एक मीटरच्या उभ्या भागातलं पाणी ५ अंश सेल्सिअसने जास्त तापलं, तर ते प्रसरण पावून पातळी दीड मिलिमीटरने वर चढते. कोनात ती एक कला होते. दोन्ही उभ्या बाजूंना ओलं पांढरं फडकं गुंडाळा आणि वाचायला तेवढी फट ठेवा.

आणि कडेपासून तीन मीटर आत राहा. जांभ्याची कड खालून पोखरलेली असते.

हिशेब

अल्बेरुनीचं सूत्र: त्रिज्या = उंची × कॉस कोन ÷ (१ − कॉस कोन). ते तुम्ही वापरू नका, कारण १ मधून जवळजवळ १ वजा करताना कॅल्क्युलेटरचे आकडे खाल्ले जातात. इतक्या लहान कोनाला हे पुरतं:

त्रिज्या = २ × उंची × (खांबांमधलं अंतर ÷ पुठ्ठ्याचं वाचन)²

उंची १०० मीटर, अंतर ५,००० मिलिमीटर, वाचन २६.२ मिलिमीटर. भागाकार १९०.८४, वर्ग ३६,४२०, त्याला २०० ने गुणलं की ७२,८४,००० मीटर, म्हणजे ७,२८४ किलोमीटर.

हा आकडा मोठा आहे, पण मोजमाप चुकलेलं नाही. हवेच्या खालच्या दाट थरांमुळे प्रकाश वाकतो आणि क्षितिज खऱ्यापेक्षा वर उचललेलं दिसतं. दिवसाच्या सर्वसाधारण हवेत याची भरपाई म्हणून उत्तराला ०.८७ ने गुणतात: ६,३३७ किलोमीटर. खरी सरासरी त्रिज्या ६,३७१. पण ०.८७ हा आकडा दगडावरची रेघ नाही. गार पाण्यावर गरम हवा बसली की तो ०.८ पर्यंत उतरतो, आणि मग याच मापावरून ५,८२७ किलोमीटर निघतात. म्हणून वेगवेगळ्या दिवशी मोजून सरासरी घ्या. एकाच दिवशी शंभर वाचनं घेतल्याने हा दोष जात नाही.

वाचन १ मिलिमीटरने चुकलं तर काय होतं तेही करून बघा. २५.२ आलं तर दुरुस्तीनंतर ६,८५०, आणि २७.२ आलं तर ५,८८०. उत्तर ५,८०० ते ६,९०० मध्ये आलं तर काम नीट झालं. ८,००० च्या वर गेलं तर बहुधा क्षितिज समजून धुक्याच्या पट्ट्याची वरची कडा धरली. ५,००० च्या खाली आलं तर आधी पाइपमधला बुडबुडा शोधा, मग लांबचा कोन पुन्हा तपासा.

अल्बेरुनीचे आकडे स्वतः तपासा

त्याने दिलेली उंची ६५२ हातांहून किंचित जास्त, कोन ३४ कला, आणि त्रिज्या १,२८,०३,३३७ हात. कॅल्क्युलेटरवर त्याचीच उंची आणि त्याचाच कोन घाला: उत्तर सुमारे १ कोटी ३३ लाख हात येतं. म्हणजे पाच लाख हातांचा फरक निव्वळ आकडेमोडीतला, कॉसच्या किमतीतल्या बारीकशा चुकीचा. कोनच ३४ ऐवजी ३४.७ कला मोजला असता तरी एवढाच फरक पडला असता. ज्याला सात-आठ दशांशांपर्यंत किंमत हाताने काढायची होती, त्याच्या पदरी ही चूक येणं समजण्यासारखं आहे.

आता कोन. हात ४९ सेंटिमीटरचा धरला तर डोंगर सुमारे ३२० मीटर. एवढ्या उंचीवरून सर्वसाधारण हवेत क्षितिज सुमारे बत्तीस कला खाली दिसायला हवं. त्याने ३४ नोंदवलं. क्षितिजाकडचं मैदान उतरतं असेल तर कोन वाढतो (६० किलोमीटरमध्ये १० मीटर उतार म्हणजे अर्धी कला), पंजाबातली धूळ रेषा पुसते, आणि उपकरणाची मर्यादा आहेच. प्रकाश हवेत किती वाकतो याचा हिशेब त्याच्या गणितात नव्हता. बत्तीस कला नोंदवल्या असत्या तर त्रिज्या खऱ्यापेक्षा सुमारे १५ टक्के फुगली असती. चुका एकमेकींना छेदून गेल्या.

मग ‘९९ टक्के अचूक’ हे जे सगळीकडे वाचायला मिळतं, ते कुठून येतं? हाताच्या लांबीतून. हात ४८ सेंटिमीटरचा धरा, त्रिज्या ६,१४६ किलोमीटर होते. ५० चा धरा, ६,४०२. हवं ते उत्तर निघेल असा हात निवडता येतो. त्याने स्वतः पडताळणीसाठी हे केलं नाही. एका अंशाला त्याचे सुमारे ५५.९ मैल आले (मैल ४,००० हातांचा), मामूनच्या पथकांचे ५६ आणि दोन तृतीयांश मैल होते. दोन्ही मापं एकाच हातात मोजलेली, पद्धती पूर्णपणे वेगळ्या, आणि फरक दीड टक्क्याच्याही आत. तेवढ्यावर त्याने जुनं माप मान्य केलं.

तुम्हालाही हीच पडताळणी करता येईल. त्याच आठवड्यात दुसऱ्या, निम्म्या उंचीच्या कड्यावरून सगळं पुन्हा मोजा आणि दोन त्रिज्या शेजारी लिहा. त्यांच्यात १० टक्क्यांहून जास्त अंतर असेल तर पुस्तकातला ६,३७१ कोणाच्या जवळ आहे हे बघायच्या आधी पाइप पुन्हा भरा.